यंत्रसाहाय्यकासाठी साधनांचे वर्णन कसे लिहावे?

व्यवसायबंधूंच्या चिकित्सालयांत संगणक आला तो देयके आणि रुग्णनोंदींसाठी. आता त्यावर ‘एजंट’ या नावाने ओळखला जाणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक येऊ लागला आहे. स्वागतकक्षातून साध्या मराठीत काम सांगावे आणि औषधसाठा तपासणे, संदेश पाठविणे, पंचकर्माच्या तारखा बदलणे अशा आधी रचून ठेवलेल्या स्वयंचलित कामांपैकी योग्य ते त्याने निवडून पार पाडावे, अशी ही व्यवस्था आहे. अशा प्रत्येक कामाला संगणकतज्ज्ञ ‘टूल’ म्हणतात. आम्ही ‘साधन’ म्हणू.

एजंट साधनाच्या आतील आज्ञावली सहसा पाहत नाही. त्याच्यापुढे असते साधनाचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि पुरवावयाच्या माहितीची यादी. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्येही साधनाची ओळख प्रामुख्याने याच गोष्टींनी करून दिली जाते. साधने पुष्कळ असली तर मागणीशी अर्थाने जुळणारी थोडीच आधी शोधून काढतात व त्यांतून एक निवडले जाते. वर्णन मोघम असेल, तर उत्तम साधनही या शोधात मागे राहते.

वैद्याला हा प्रश्न परका नाही. गुराखी, मेंढपाळ व वनवासी औषधींना नामरूपाने ओळखतात, पण तेवढ्याने त्यांचा योग्य उपयोग कळत नाही, असे चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. नुसते ‘रास्ना’ लिहिले तर केरळात अल्पिनिया गॅलंगा आणि बंगालमध्ये वांडा हाती येण्याचा संभव. आयुर्वेदिक फार्माकोपियाची रास्ना म्हणजे प्लुचिया लॅन्सिओलाटा.

आता आपल्याकडील उदाहरण घेऊ. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी बाहेरगावच्या रुग्णांच्या तारखा बदलाव्याच लागतात. समजा, साधनाचे वर्णन ‘रुग्णांच्या तारखा बदलते’ एवढेच आहे. एजंट ते सर्वांनाच लावील. परंतु स्नेहपान तीन ते सात दिवसांचे. त्यानंतर विरेचनापूर्वी तीन दिवसांचा आणि वमनापूर्वी एका दिवसाचा अवधी. स्नेहपान संपलेल्या रुग्णाचे विरेचन तेवढेच आठ दिवस पुढे गेले, तर पूर्वकर्म वाया जाते आणि उत्क्लेशित दोषांचे काय करावे हा प्रश्न वैद्यापुढे उभा राहतो. हेच वर्णन असे लिहिता येईल:

‘एका रुग्णाची एकच नियोजित तारीख पुढे नेण्यासाठी वापरावे. “अपॉइंटमेंट बदला”, “उद्या येता येत नाही”, “पुढची तारीख द्या” अशा मागण्यांना लागू. रुग्णक्रमांक, जुनी तारीख व नवी तारीख द्यावी; तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने. स्नेहपान सुरू झालेल्या रुग्णासाठी वापरू नये. त्यासाठी “शोधनक्रम फेरमांडणी” वापरावे. नोंदवहीतील तारीख बदलते, रुग्णाला संदेश जात नाही. नव्या तारखेला जागा नसल्यास काहीही न बदलता तसे कळवते.’

यातील निषेधाचे वाक्य आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. संदेश जात नाही हे लिहिले नाही, तर रुग्णाला कळविले असे एजंट गृहीत धरील आणि रुग्ण पुराच्या पाण्यातून वाट काढीत दारात उभा राहील. रुग्णांच्या तोंडची वाक्ये वर्णनात घेणे म्हणजे निघंटूतील पर्यायनामेच. गुडूची शोधणाऱ्याला ‘गुळवेल’ या शब्दानेही ती सापडली पाहिजे. मात्र फलश्रुतीचा मोह आवरावा. ‘चिकित्सालयाची सर्व कामे करणारे सर्वोत्तम साधन’ असे लिहिले की ते नको तेथेही निवडले जाते. (आपल्या काही औषधांच्या जाहिरातींनाही हा नियम लागू करावयास हरकत नाही.)

अर्थात, वर्णनातील निषेध म्हणजे कुलूप नव्हे. शोधनाच्या तारखा वैद्याच्या संमतीवाचून बदलणारच नाहीत, अशी तजवीज आज्ञावलीतच करून घ्यावी.

वर्णन लिहून झाल्यावर स्वागतकक्षात प्रत्यक्ष बोलली जाणारी दहा-बारा वाक्ये काढावीत आणि खऱ्या नोंदवहीऐवजी काल्पनिक रुग्णांच्या नोंदींवर ती एजंटला द्यावीत. ‘पाणी वाढलंय, शिरोळचे पेशंट उद्या कसे येणार?’ हे वाक्य त्यांत अवश्य असावे. येथे तारीख बदलण्याची मागणी उघड शब्दांत नाही. रुग्ण एकाहून अधिक आहेत आणि त्यांतील कोणाचे स्नेहपान चालू असेल हे नोंदी पाहिल्यावाचून कळणार नाही. एजंटने थेट तारखा बदलण्यास घेतल्या, तर दोन्ही साधनांची वर्णने शेजारी ठेवून त्यांतील सीमारेषा पुन्हा लिहावी.