बाहेरून निळी, आतून फिकी

आज ब्लूबेरी खायच्या पद्धती सांगायच्या ठरल्या होत्या. त्या येतील, पण शेवटाकडे आणि थोड्याच. मफिनला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावं लागेल. कारण न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलंय, आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की तो बाजूला ठेवून पुढे जाववत नाही.

त्यांच्या आई कराडहून उन्हाळ्यापुरत्या मुलाकडे गेल्या आहेत. मुलाने हौसेने डबा भरून ब्लूबेरी आणल्या. आईंनी एक फळ सुरीने मधोमध कापलं, तर आत हिरवट-पांढरा गर. त्या म्हणाल्या, "हे रंगवलेलं आहे. जांभूळ बघ, आतपर्यंत जांभळं असतं." वरून बोट फिरवलं तर बोटाला पांढरट भुकटी. "आणि हे औषध मारलंय." तेव्हापासून त्या घरात ब्लूबेरी मिठाच्या कोमट पाण्यात घालून, फडक्याने चोळून, चकचकीत काळ्या करून खाल्ल्या जातात.

काकू, तुम्ही पाहिलंत ते दोन्ही अगदी खरं आहे. अनेक वर्षं ही फळं खाणाऱ्यांच्याही ते लक्षात येत नाही. अर्थ मात्र वेगळा आहे.

आधी गराचं. ब्लूबेरीला 'विलायती जांभूळ' म्हणायची पद्धत पडू लागली आहे, ती मला मान्य नाही. जांभूळ पेरूच्या आणि लवंगेच्या कुळातलं. ब्लूबेरी ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातली, क्रॅनबेरीची सख्खी बहीण. दोघांच्या रंगद्रव्याचं घराणं तेवढं एक: अँथोसायनिन. कोकमाचा लाल, करवंदाचा जांभळा, जांभळाचा गडद, सगळे त्याच घरातले. फरक आहे तो रंग कुठे साठतो याचा. जांभळात तो गरातही उतरतो, म्हणून जीभ रंगते. ब्लूबेरीत तो जवळजवळ सगळा सालीत थांबतो. युरोपच्या जंगलात हिची एक चुलत बहीण होते, बिलबेरी. ती कापली तर काकूंचं समाधान होईल, कारण ती आतपर्यंत गडद असते आणि ओठ, दात, बोटं सगळं रंगवते.

आता भुकटी. ते औषध नव्हे, फळाने स्वतः अंगावर घेतलेलं मेण आहे. नाशिकच्या ताज्या द्राक्षांवर जी पांढुरकी झाक असते, तसंच. ते पाणी आत टिकवतं आणि बुरशीला सहज शिरू देत नाही. मी पहिल्यांदा हॅमंटनजवळच्या एका मळ्यात स्वतः फळं तोडायला गेलो होतो. तिथे एका वृद्ध तोडणाऱ्याने माझ्या बादलीत डोकावून पाहिलं आणि न बोलता आपली बादली माझ्यासमोर धरली. माझी फळं काळी, त्याची निळी. झुडपं तीच, ओळ तीच. मी फळ चिमटीत दाबून ओढत होतो. तो अंगठा नुसता घोसावरून फिरवायचा आणि पिकलेली तेवढी तळहातावर गळायची.

त्या दोन बादल्यांचं कोडं मला बरीच वर्षं पुरलं. फळ चेचलं तर रस निघतो तांबडा-जांभळा, निळा नाही. मग निळा येतो कुठून? २०२४ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं उत्तर दिलं आणि ते वाचून मी त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. निळा रंग त्या मेणाचा आहे. मेणात निळं द्रव्य काहीच नाही. मेणाचा थर जेमतेम दोन मायक्रॉन जाडीचा, त्यात अतिसूक्ष्म कण अस्ताव्यस्त पसरलेले. ते निळा आणि अतिनील प्रकाश विखरून परत पाठवतात. खालची साल गडद, ती बाकीचा प्रकाश गिळते. संशोधकांनी हे मेण काढून एका कार्डावर पुन्हा गोठवलं, तर कार्ड निळं दिसू लागलं! पक्ष्यांना अतिनीलही दिसतं, म्हणजे त्यांना हे फळ आपल्याला दिसतं त्याहून उजळ दिसत असणार. काकू फडक्याने जे पुसून टाकतात तो ब्लूबेरीचा निळेपणाच आहे. खाली उरतं ते तिचं काळंभोर खरं अंग.

तर रंग सालीत, आणि सालीवर मेणाची निळाई. हे पक्कं झालं की रानटी ब्लूबेरी लागवडीत आणणारी एलिझाबेथ व्हाइट मला आठवते. न्यू जर्सीतल्या पाइन बॅरेन्सच्या जंगलात हिंडणाऱ्या माणसांच्या हातात तिने पाच अष्टमांश इंच भोकाची पट्टी दिली होती, ज्या झुडपाची फळं त्या भोकातून पडणार नाहीत तेच झुडूप आणा म्हणून. १९१६ साली बाजारात गेलेलं पहिलं लागवडीचं पीक त्याच निवडीतून आलं. फळ मोठं हवं हे व्यापाराच्या दृष्टीने बरोबरच होतं. पण हिशेब करून बघा. सोळा मिलिमीटरच्या एका फळाच्या वजनाइतकी आठ मिलिमीटरची फळं घ्यायची तर आठ घ्यावी लागतात, आणि त्या आठांची साल मिळून त्या एकाच्या दुप्पट भरते. साल दुप्पट म्हणजे रंगही त्याच्या आसपास. म्हणून मेन राज्यातली बुटक्या रानटी झुडपांची वाटाण्याएवढी ब्लूबेरी, वजनाला वजन, मोठ्या फळांपेक्षा गडद असते. पट्टीच्या शोधात सापडलेल्या झुडपांपैकी 'रुबेल' आजही लावतात. पुढच्या पिढ्यांच्या तुलनेत ती लहान ठरली, आणि रंगद्रव्यात भरघोस. दुकानात लाडूसारख्या टपोऱ्या ब्लूबेरी मिरवत असतात, पण माझा हात बारक्या फळांच्या डब्याकडेच जातो.

एवढं सालीमागे लागण्याचं कारण असं की ब्लूबेरीचं आरोग्याच्या दृष्टीने जे काही वेगळेपण आहे, ते तिथेच आहे. बाकीचे आकडे साधे आहेत. शंभर ग्रॅममध्ये ५७ कॅलरी, साधारण दहा ग्रॅम साखर, अडीच ग्रॅमच्या आत-बाहेर तंतू. क जीवनसत्त्व दहा मिलिग्रॅमसुद्धा नाही. पेरूत ते दोनशेच्या वर असतं. क जीवनसत्त्वासाठी कुणी ब्लूबेरी घेत असेल तर त्याने पेरू घ्यावा.

अँथोसायनिनबद्दल मात्र विचार करायला लावणारा पुरावा आहे. अमेरिकेतल्या ९३,६०० परिचारिकांच्या आहाराची आणि प्रकृतीची अठरा वर्षं नोंद ठेवली गेली. २०१३ मध्ये त्यातून दिसलं की ज्यांच्या खाण्यात अँथोसायनिन सर्वांत जास्त होतं, त्यांच्यात हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण सर्वांत कमी असलेल्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी होतं. ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी हे त्या बायकांच्या ताटातले त्याचे मुख्य स्रोत. ही नुसती नोंद आहे. फळं खाणारी माणसं इतरही चार गोष्टी चांगल्या करतात. म्हणून मला २०१९ चा ईस्ट अँग्लिया विद्यापीठातला प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. वजन, रक्तदाब, साखर यांची एकत्र तक्रार असलेली, पन्नाशी ओलांडलेली ११५ माणसं, सहा महिने. काहींना रोज वाटीभर ब्लूबेरीइतकी, म्हणजे १५० ग्रॅमची, वाळवलेली पूड; काहींना त्याच्या निम्मी; काहींना तशाच रंगाची नुसती पूड. वाटीभरवाल्यांच्या रक्तवाहिन्या जास्त सहज प्रसरण पावू लागल्या. निम्म्या मात्रेने ते घडलं नाही. आणि इन्सुलिनला शरीर जो प्रतिसाद देतं, त्यात दोन्ही मात्रांनी फरक पडला नाही. प्रयोगाला अमेरिकेतल्या ब्लूबेरी उत्पादकांच्या मंडळाचं अर्थसाहाय्य होतं, हेही वाचकाला माहीत असायला हवं. मधुमेहाचं औषध म्हणून ब्लूबेरीच्या गोळ्या विकणाऱ्यांनी या प्रयोगाचा दाखला देऊ नये. डब्यांवर छापलेल्या अँटिऑक्सिडंटच्या गुणांकनालाही भुलू नका. परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ लागत नाही, म्हणून अमेरिकेच्या शेतीखात्याने आपली तसली यादी २०१२ मध्येच मागे घेतली.

आता वाटीकडे. मला सगळ्यांत आवडते ती गोठवलेली ब्लूबेरी, घट्ट सायीच्या दह्यात. पाच मिनिटांत फळाभोवती जांभळी वलयं उमटतात आणि दही जरा थिजतं. साखर नको. जांभळाला लावतो तसं काळं मीठ ताज्या फळाला चिमूटभर लावून बघा; फळ अळणी निघालं तर हाच उपाय. नाचणीच्या आंबिलीत वरून मूठभर टाकली तर तेही उत्तम. शिकरणाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: दुधाबरोबर घेतलं तर ब्लूबेरीचा गुण रक्तात उतरत नाही, असं २००९ चा एक प्रयोग सांगतो, पण तो अवघ्या अकरा जणांवरचा. तेवढ्यावरून मी दूध सोडलेलं नाही.

शिजवायची तर लिंबाचे चार थेंब पिळा, रंग माणकासारखा उघडतो. खाण्याचा सोडा लागला तर उलटं होतं, फळाभोवती हिरवट-निळसर डाग पडतात. हळदीला चुना लागला की तिचं लाल कुंकू होतं, तशातलाच हा रंगपालट. खराब काही झालेलं नसतं. मफिन हिरवे का होतात त्याचं मूळ इथेच आहे, आणि त्यावरचा इलाज पुढच्या वेळी.

काकूंना एवढंच सांगा: फडकं नको, मीठ नको. आणल्या आणल्या धुऊही नका. मेण गेलं की फळ लवकर मऊ पडतं. चिरडलेली, बुरसलेली तेवढी वेचून काढा, बाकीची तशीच फ्रिजमध्ये. खायच्या वेळी चाळणीत घेऊन नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरली की पुरे. जुलै संपत आला की दोन-तीन डबे जास्त घ्या. फळं कोरडीच ताटात एका थरात पसरून फ्रीझरमध्ये ठेवा. खड्यासारखी कडक झाली की पिशवीत भरा, एकमेकांना चिकटणार नाहीत. धुवायचं काम वाटी भरताना.