पाणी कुठे गेले?

रोह्याहून गाडीत बसले, की नागोठणे, कासू करत पेण येते. उन्हाळ्यात तिथे उतरावे, तर कारखान्या-कारखान्यांतून बिनरंगाचे गणपती ओळीने बसलेले दिसतात. अशाच एका कारखान्यात ओळखीच्या मूर्तिकारांनी माझ्या तळहातावर कालवलेल्या प्लास्टरचा गोळा ठेवला आणि म्हणाले, “भाई, मूठ मिटा.” थोड्या वेळाने तो गोळा चक्क कोमट लागू लागला. विस्तव नाही, ऊन नाही. मग ही ऊब आली कुठून?

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या बी.ए. माणसाला रसायनशास्त्राची उठाठेव कशाला? पण प्रश्न सुटेना. शेवटी धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेल्या मित्राला विचारले. तो म्हणाला, “अरे, ही शाळेतली संयोग अभिक्रिया.”

दोन किंवा अधिक पदार्थ एकत्र येऊन एकच नवा पदार्थ तयार होतो, ती संयोग अभिक्रिया. आमच्या लहानपणी ईदेच्या आधी घराला चुना काढत. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले, की पिंप रटरटू लागे. चुना आणि पाणी मिळून विरलेला चुना होई आणि उष्णता बाहेर पडे. बहुतेक संयोगांत अशी उष्णता सुटते. म्हणून कारखान्यात ती वेळीच काढून घ्यावी लागते. नाही तर अपघात ठरलेला.

प्लास्टरचेही तसेच. जिप्सम नावाच्या खनिजाच्या अंगी पाणी असते. ते भाजले, की त्यातले पाऊण पाणी निघून जाते. उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. आपण पाणी घातले, की ते गेलेले पाणी परत घेते आणि पुन्हा जिप्सम होते. त्याचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि पीठ दगडासारखे घट्ट होते. १४५ ग्रॅम प्लास्टर २७ ग्रॅम पाणी घेते. जास्तीचे पाणी उडून जाते, संयोगातले राहते. म्हणजे पूर्ण वाळलेल्या प्लास्टरमध्येही वजनाचा सुमारे पाचवा भाग पाणीच असते!

शाडूत असे काही घडत नाही. माती आणि पाणी शेजारी बसतात, एक होत नाहीत. पाणी उडाले, की मूर्ती सुकते. पुन्हा पाणी मिळाले, की तिचा चिखल होतो. सगळा फरक इथे आहे. प्लास्टरची मूर्ती पाण्यात सोडली, तर ती पाण्याला दाद देत नाही, कारण तिला हवे ते पाणी तिने आधीच घेतलेले असते. लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. पाच किलोच्या मूर्तीला दोन हजार लिटर पाणीही पुरेलच असे नाही.

संयोग मोडायला दुसरी अभिक्रियाच हवी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तशी वाट दाखवली. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली, की तळाशी खडूसारखा साका बसतो आणि वर अमोनियम सल्फेट म्हणजे खताचे पाणी उरते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या सूचना काढल्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवण्यास मोकळीक दिली, पण परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. या वादात पेण, हमरापूर, जोहे इथल्या कितीतरी घरांची चूल अडकलेली आहे. प्लास्टर हलके, झटपट साच्यात बसणारे, ट्रकमध्ये कमी फुटणारे. कारागिराला नुसता दोष देऊन कसे चालेल? गिऱ्हाईकाला स्वस्त आणि मोठी मूर्ती हवी असते, हेही खरेच.

निघताना मूर्तिकार म्हणाले, “भाई, लोक भाव विचारतात, रंग बघतात. मूर्ती कशाची, हे कुणी विचारत नाही.” परतीच्या गाडीत तेच डोक्यात होते. मूठ उघडली, तर गोळा गार आणि टणक झाला होता. घरी येऊन तो पाण्याच्या वाटीत टाकला. आज आठवडा झाला, तसाच आहे.