मिलिवॉटांचा हिशेब

महागडा हेडफोन विकत घ्यावा, तो मोबाइलला जोडावा, आणि आवाज क्षीण व निस्तेज निघाला की कोणाच्या तरी शिफारशीवरून तितकाच महागडा अ‍ॅम्प्लिफायर घरी आणावा, हा जो शिरस्ता श्रवणशौकिनांत रूढ होऊ पाहत आहे, त्यात द्रव्याचा व्यय पुष्कळ असला तरी विचाराचा अंश बेताचाच असतो. कारण अमुक हेडफोनास शक्ती किती लागेल, याचा निवाडा किमतीवरून नव्हे, तर माहितीपत्रकातील दोन आकड्यांवरून करावयाचा असतो. पहिला आकडा ओहममध्ये मोजलेल्या संरोधाचा. दुसरा संवेदनशीलतेचा, म्हणजे एक मिलिवॉट शक्ती दिली असता किती डेसिबल ध्वनी उमटतो याचा. लोक पहिल्याला भितात आणि दुसऱ्याकडे काणाडोळा करतात.

जर्मनीतील हाइलब्रोन येथील बायरडायनॅमिक कंपनीच्या डीटी ८८० या हेडफोनची एक आवृत्ती ६०० ओहमांची आहे, आणि तो आकडा वाचून भल्याभल्यांची छाती दडपते. उलट हायफायमन या चिनी कंपनीच्या एचई-६ या प्लॅनर मॅग्नेटिक हेडफोनचा संरोध अवघा ५० ओहम, तेव्हा तो सालस असावा, असा कोणाचाही समज होईल. वस्तुस्थिती अशी की पहिल्याची संवेदनशीलता ९६ डेसिबल, तर दुसऱ्याची केवळ ८३.५. पाश्चात्य वाद्यवृंद मध्यम पातळीवर वाजत असताना नगाऱ्याचा एखादा आघात तिच्याहून २० डेसिबल उंच झेप घेऊ शकतो, म्हणून अशा क्षणिक शिखरांसाठी ११० डेसिबलची तजवीज ठेवणे शहाणपणाचे. आणि दर १० डेसिबलला शक्ती दसपट लागत असल्यामुळे, डीटी ८८०ची गरज जेथे २५ मिलिवॉटांत भागते, तेथे एचई-६ सुमारे ४५० मिलिवॉट मागतो. गंमत म्हणजे विद्युतदाब दोघांनाही चार-पाच व्होल्टच लागतो. खरी तफावत प्रवाहात आहे: एकाला साडेसहा मिलिअँपिअर, दुसऱ्याला जवळजवळ ९५. या एचई-६च्या भुकेला कंटाळून कित्येक शौकिनांनी तो थेट स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, यात नवल नाही.

मोबाइलला लावावयाच्या लहानशा अ‍ॅडॅप्टरमधून बहुधा एक व्होल्टच्या आसपासच दाब मिळतो. तेवढ्यावर दोन्ही हेडफोन शंभर डेसिबलच्या अलीकडेच थबकतात. याउलट ३२ ओहमांवर १ वॉट देणारा साधा अ‍ॅम्प्लिफायर साडेपाच व्होल्टांहून किंचित अधिक दाब देतो. तोच दाब ६०० ओहमांवर कायम राहिला तर तेथे ५३ मिलिवॉटच निघतात, आणि हा तुटपुंजा दिसणारा आकडा डीटी ८८०ला गरजेच्या दुप्पट असतो. एचई-६ला त्याच यंत्रातून ६४० मिलिवॉट मिळतात, म्हणजे त्याचाही निर्वाह होतो. म्हणून ‘४ वॉट’ अशी ठळक अक्षरांतली जाहिरात पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. २ वॉटांचे ४ झाले तरी कमाल पातळी वाढते ती अवघी ३ डेसिबल.

शक्तीखेरीज अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा निर्गम-संरोधही पाहावा. तो हेडफोनच्या संरोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा एक सर्वसाधारण दंडक आहे. ट्रान्सफॉर्मरविरहित नलिका-अ‍ॅम्प्लिफायरांचा निर्गम-संरोध पुष्कळदा जास्त असल्याने ते ३०० ते ६०० ओहमांच्या हेडफोनांना मानवतात, एचई-६सारख्यांना मात्र नव्हे. अतिसंवेदनशील इअरफोनला बलाढ्य यंत्र जोडल्यास संगीताआधी यंत्राची खरखरच ऐकू येण्याचा संभव असतो, हेही ध्यानात असावे.

शिलकीतली शक्ती शिखरांसाठी आहे, नित्याच्या श्रवणासाठी नव्हे. प्रौढांनी ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेव्हा खरेदीस जाताना विक्रेत्याला एवढेच विचारावे की माझ्या हेडफोनच्या संरोधावर हे यंत्र किती मिलिवॉट देते. आणि या प्रश्नाचा लेखी खुलासा माहितीपत्रकात नसेल, तर ते यंत्र तूर्त दुकानातच राहू द्यावे.