दोन सर्व्हिसिंगच्या मधलं ऑइल : गाडी किती खाते, आपण किती ओतायचं

लोकलमध्ये ज्यांचं नेट जातं किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ बऱ्यापैकी काढलेत, एखाददुसरं राहिलं असेल तर सांभाळून घ्या.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून सुचला. आपला एक श्रोता बाइकवर फूड डिलिव्हरी करतो, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर. तो म्हणतो, “दादा, दोन हजार किलोमीटरपूर्वी ऑइल बदललंय. काल डिपस्टिक काढली तर नुसतं टोक ओलं. खाली एक थेंब गळत नाही, धूर पण नाही. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल, पाच-सहा हजार लागतील. खरंच खोलू का?”

पाच-सहा हजार तर जातीलच, पण गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये म्हणजे दोन दिवसांची कमाईही बुडणार. त्यामुळे ‘मॅन्युअल वाच’ एवढं सांगून हा विषय मिटत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करू. चालू इंजिन थोडं ऑइल खातंच. नवीन असो, जुनं असो, कुठल्याही कंपनीचं असो. पिस्टनला साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन स्फोटाचा दाब धरून ठेवतात आणि खालची ऑइल रिंग बोअरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून परत खाली पाठवते. सगळं मात्र खरवडत नाही, खरवडूनही चालणार नाही. भिंतीवर ऑइलचा अगदी पातळ थर उरला नाही तर रिंग आणि बोअर एकमेकांना खातील. तो उरलेला थर वरच्या आगीत थोडा थोडा जळतो. ऑइल कमी होण्याचा पहिला रस्ता हा.

दुसरा रस्ता व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबरी सील असतं. ते कडक झालं की हेडमधलं ऑइल दांड्यावरून खाली झिरपतं. तिसरा ब्रीदरचा. इंजिनच्या पोटात जो वायू साठतो तो ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरकडे जातो आणि सोबत ऑइलची वाफ नेतो. ऑइल तापलं की त्यातला हलका भाग उडून जातो, हे ऑइल कंपन्यांनाही माहीत असतं. त्यासाठी चाचणीही आहे : ऑइल २५० अंशांवर एक तास ठेवायचं आणि वजन किती घटलं ते मोजायचं. आपली एअर-कूल्ड बाइक मे महिन्याच्या ट्रॅफिकमध्ये उभी असते तेव्हा आत काय चालत असेल, विचार करा.

आता ‘धूर नाही, गळती नाही, मग गेलं कुठे?’ याचं उत्तर काढू. हिशोब सोपा आहे. समजा गाडी हजार किलोमीटरला दीडशे मिली खाते. शहरात सरासरी वेग ताशी तीस धरला तर हजार किलोमीटरला सव्वातेहेतीस तास लागतात, म्हणजे सुमारे १,२०,००० सेकंद. एका मिलीत साधारण वीस थेंब धरले तर दीडशे मिलीचे झाले ३,००० थेंब. भागाकार करा. दर चाळीस सेकंदांना एक थेंब! तेवढ्या वेळात इंजिनाच्या अडीच-तीन हजार फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. एवढ्याशा थेंबाचा धूर आरशात कुठून दिसणार? आणि हाच न दिसणारा थेंब दोन हजार किलोमीटरला तीनशे मिली होतो. ज्या बाइकमध्ये एकूण ऑइलच लिटरभर असतं तिच्यात तीनशे मिली म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. कारमध्ये तीन-चार लिटर असतं म्हणून तिथे तेवढंच गेलेलं ऑइल कुणाच्या लक्षातही येत नाही. छोट्या गाडीवाल्यानेच जास्त जपायला हवं ते यासाठी.

कमी झालं तर बिघडतं काय? ऑइल तळाशी साठतं आणि पंप ते जाळीतून ओढून वर पाठवतो. पातळी खाली गेली की घाटात चढावर, जोरात ब्रेक मारल्यावर किंवा गाडी वळणावर झुकल्यावर ऑइल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. पहिला मार बसतो तो सगळ्यात वर, हेडमधल्या कॅमला आणि रॉकरला, कारण पंपापासून तेच लांब. म्हणून ऑइल संपत आलेल्या गाडीचा आवाज वरून ‘टकटक’ असा सुरू होतो. शिवाय एअर-कूल्ड इंजिनात थंड करण्याचं निम्मं काम ऑइलच करतं असं समजा. माणसं कमी, काम तेवढंच, अशी उरलेल्या ऑइलची गत होते. ते जास्त तापतं, लवकर उतरतं आणि आणखी उडतं.

इथे एक गैरसमज फार पसरलाय : “ऑइलचा लाल दिवा लागला नाही, म्हणजे ऑइल आहे.” नाही हो! कारच्या डॅशबोर्डवरचं ते अत्तरदाणीसारखं लाल चिन्ह दाबाचं आहे, पातळीचं नाही. पंप हवा ओढू लागला की ते पेटतं. आमच्या कामात सर्व्हर पडल्यावर वाजणारा अलार्म असतो, त्याच जातीचं. तो दिवा दिसला तर ‘पुढच्या पंपावर बघू’ म्हणायचं नाही. गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद. काही नव्या गाड्यांत पातळीचा वेगळा सेन्सर असतो, पण बहुतेक साध्या बाइक-स्कूटरना यातला एकही दिवा नसतो. तिथे डिपस्टिक किंवा काचेची खिडकी हाच काय तो मॉनिटर.

तो मॉनिटर नीट वाचायचा कसा? मला वाटतं निम्मे लोक इथेच फसतात. बाइक साइड स्टँडवर तिरकी ठेवून बघितलं तर आकडा खोटाच येणार. सपाट जागा, मेन स्टँड. इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवायचं, बंद करायचं आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरतं. डिपस्टिक काढून स्वच्छ फडक्याने पुसायची, परत घालायची आणि मग वाचायची. बऱ्याच कम्युटर बाइकमध्ये मोजताना ती आटे फिरवून बसवायची नसते, नुसती टेकवायची असते. आटे फिरवले की काठी जास्त आत जाते, ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि आपण खूश! तुमच्या मॉडेलला कुठली पद्धत आहे ते मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं असतं, एकदाच बघून घ्या. कारला बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं द्या.

आता आपल्या डिलिव्हरीवाल्या भावाचा प्रश्न. माझं मत : लगेच खोलू नकोस. आधी दोन गोष्टी माहीत नाहीत. ऑइल बदललं तेव्हा ते वरच्या खुणेपर्यंत भरलं होतं का, आणि काल बघताना गाडी मेन स्टँडवर होती का. ही दोन उत्तरं नसताना ‘इंजिन ऑइल खातंय’ म्हणणं म्हणजे लॉग न बघता कोड बदलणं. आज त्याच ग्रेडचं ऑइल वरच्या खुणेपर्यंत भर. किलोमीटरचा आकडा फोनमध्ये लिही. पाचशे किलोमीटर चालव, म्हणजे तुझे चार-पाच दिवस. मध्ये रोज सकाळी डिपस्टिकवर नजर टाक. मग तशाच पद्धतीने मोज आणि परत खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते बघ. मेडिकलमध्ये मिळणारी सुई नसलेली मोठी सिरिंज किंवा खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण यासाठी झकास.

पन्नास मिली लागलं, तर बाटली जवळ ठेव, दर आठवड्याला टॉप अप कर आणि कामाला लाग. चारशे रुपयांच्या आसपासची लिटरभर बाटली तुला बरेच आठवडे पुरेल. पाचशेला दीडशे-दोनशे मिली लागलं, तर मात्र मेकॅनिक बरोबर आहे, पण तेव्हाही ‘काय खोलायचं’ ते विचार. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळसर धुराचा एक फुसका येऊन थांबतो, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, ते काम स्वस्त. ॲक्सिलरेटर पिळल्यावर निळा धूर येत राहतो, प्लग काढला तर तेलकट काळा, तर रिंग-बोअरचं काम, ते महाग. हजार रुपयांच्या दुखण्याला सहा हजारांचं औषध नको.

वर्कशॉपमध्ये आणखी एक सल्ला हमखास मिळतो : “घट्ट ऑइल टाका, खाणं थांबेल.” कमी होतं, हे खरं. पण १०डब्ल्यू-३० साठी बनलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातलं की थंडीत सकाळी ते वर पोहोचायला वेळ लावतं, ॲव्हरेजही थोडं पडतं आणि खरा आजार झाकला जातो. इंजिन अखेरच्या घटका मोजत असेल तर ठीक, नाहीतर मी करणार नाही.

मग ओतायचं कुठलं? वेगळ्या ब्रँडचं चालतं का, हा प्रश्न दर वेळी येतो. अडचणीत चालतं. एपीआयच्या दर्जाची इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळली पाहिजेत अशी अटच आहे, त्यामुळे दही झाल्यासारखं फाटत नाही. ग्रेड तीच हवी आणि एपीआयची दोन अक्षरं मॅन्युअलमध्ये आहेत तीच किंवा त्यावरची. बाइकवाल्यांनी तिसरं एक बघायचं : बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिघं एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, ती क्लचला घसरवतात. इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही, तसं. ऑटोमॅटिक स्कूटरचा क्लच कोरडा आणि वेगळा, म्हणून तिथे एमबी चालतं. पंपावर ‘स्कूटरचं आहे, बाइकला टाकू का’ विचारलं तर उत्तर नाही.

आणि जास्त ओतू नका, प्लीज. शंभर-शंभर मिली टाका, मिनिटभर थांबा, बघा. वरच्या खुणेच्या पलीकडे गेलं की क्रँक ते ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेस वंगण देत नाही. उरलेलं ब्रीदरमधून एअर फिल्टरमध्ये जाऊन तो भिजवतं. कारच्या डिपस्टिकवर दोन खुणांमधलं अंतर बऱ्याचदा लिटरभराचं असतं, बाइकमध्ये त्याहून बरंच कमी.

टॉप अप म्हणजे ऑइल बदलणं नाही, हेही आलंच. नवीन ऑइलबरोबर थोडी ताजी रसायनं आत जातात, पण जुनी घाण आणि फिल्टर तिथेच राहतात. काही कम्युटर बाइकच्या वेळापत्रकात दर ६,००० किलोमीटरला बदला आणि मध्ये ३,००० ला टॉप अप करा असं स्पष्ट असतं. लोकांना पहिला आकडा पाठ असतो, दुसरा नाही. काळं पडलं म्हणून मात्र घाबरू नका, ऑइलने काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच.

शेवटचा प्रश्न नाशिकहून. बीएस६ डिझेल कार, ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय! हे कौतुकाचं नाही. एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करायला जास्तीचं डिझेल वापरतो. रोज पाच किलोमीटर ऑफिस आणि परत, असं चालवलं की ती सफाई अर्धवट राहते आणि ते डिझेल बोअरवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, पातळी वर चढते. वरच्या खुणेच्या पुढे गेलं असेल तर थोडं काढून टाकून भागत नाही, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. आठवड्यातून एकदा गाडी हायवेला अर्धा तास एका वेगात चालवा. आणि ऑइल दुधासारखं दिसलं तर तो वेगळा आजार : त्यात कूलंट गेलेलं असू शकतं. पावसाळ्यात फक्त झाकणाखाली थोडी मलई दिसते ती बहुधा दमटपणाची. पण डिपस्टिकवरच दूध असेल, तर गाडी चालू करू नका, टो करून न्या.