सैन्य गेलं, रसद उरली

१५ फेब्रुवारी १९८९ रोजी सोव्हिएत जनरल बोरीस ग्रोमोव अमू दर्या नदीवरचा मैत्री पूल ओलांडून सोव्हिएत हद्दीतल्या तेर्मेझला पोचले आणि अफगाणिस्तानातलं नऊ वर्षांचं सोव्हिएत युद्ध अधिकृतपणे संपलं. त्यात सुमारे पंधरा हजार सोव्हिएत सैनिक मेले. अफगाण मृतांची गणती तर लाखांत होती. मागे काबूलमध्ये राहिले राष्ट्राध्यक्ष नजिबुल्ला. त्यांचं सरकार काही महिन्यांतच कोसळणार, असं जगभरचे बहुतेक जाणकार धरून चालले होते.

ते तीन वर्षं टिकलं! सोव्हिएत संघ विसर्जित झाला डिसेंबर १९९१मध्ये आणि नजिबुल्लांची सत्ता गेली एप्रिल १९९२मध्ये. ज्या महासत्तेच्या आधाराने हे सरकार उभं होतं, ती महासत्ताच आधी नाहीशी झाली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मी दर वेळी थक्क होतो.

हे घडलं कसं? त्याचं उत्तर बरंचसं त्या पुलावरच आहे. रणगाडे उत्तरेला परत गेले, पण गहू, इंधन आणि दारूगोळा दक्षिणेकडे येतच राहिला. मालवाहू विमानं काबूलला उतरत राहिली. सैन्य माघारी गेल्यावर महिनाभरातच सरकारविरोधी मुजाहिदीन बंडखोरांनी पाकिस्तानच्या पाठबळावर जलालाबादवर हल्ला चढवला. सरकारी फौजेने स्कड क्षेपणास्त्रं आणि विमानांच्या जोरावर तो परतवला. उत्तरेत अब्दुल रशीद दोस्तमसारख्या सरदारांच्या टोळ्या सरकारच्या बाजूने लढत होत्या, कारण त्यांना पैसा आणि शस्त्रं वेळेवर मिळत होती.

सप्टेंबर १९९१मध्ये मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात ठरलं की १ जानेवारी १९९२पासून कोणत्याच बाजूला शस्त्रं द्यायची नाहीत. पाठोपाठ सोव्हिएत संघच बुडाला, तेव्हा इंधन आणि धान्यही आटलं. विमानं जमिनीवर बसली, दोस्तमने बाजू बदलली आणि चार महिन्यांत सगळा डोलारा खाली आला. म्हणून मला वाटतं, माघारीची खरी तारीख शोधायची असेल तर शेवटचा सैनिक कधी गेला यापेक्षा रसद कधी थांबली, ते पाहावं.

व्हिएतनाममध्येही हेच दिसलं. शेवटच्या अमेरिकन तुकड्या मार्च १९७३मध्ये परतल्या; सायगाव पडलं ३० एप्रिल १९७५ला. मधल्या काळात अमेरिकी काँग्रेसने दक्षिण व्हिएतनामच्या मदतीला कात्री लावली होती. २०२१मध्ये अमेरिका अफगाणिस्तानातून निघाली, तेव्हा तर क्रमच उलटा झाला. अफगाण हवाई दलाची विमानं उडती ठेवणारे परदेशी कंत्राटी तंत्रज्ञ सैन्याबरोबरच निघून गेले. भ्रष्टाचार आणि खचलेलं मनोबल ही कारणं होतीच. पण काबूल पडलं १५ ऑगस्टला, आणि अमेरिकेचं शेवटचं विमान तिथून उडालं ३० ऑगस्टला.

नजिबुल्लांची सत्ता गेल्यावर विजयी मुजाहिदीन गट काबूलसाठी आपसातच लढले. त्या लढाईतून पुढे तालिबानला वाट मिळाली आणि सप्टेंबर १९९६मध्ये त्यांनी राजधानी घेतली. सोव्हिएत युद्धाच्या सगळ्या वर्षांत काबूल शहर बरंचसं शाबूत राहिलं होतं. त्याच्या वस्त्याच्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या त्या १९९२ ते १९९६ या काळात, शेवटचा सोव्हिएत सैनिक परतून तीन वर्षं उलटल्यावर.