चार्ली हेडन : खालच्या सुरांचा गायक

जॅझच्या मेळात बास वाजवणारा सहसा मागे उभा असतो. माणसापेक्षा उंच वाद्य, चार जाड तारा. टाळ्या मात्र पुढच्या सॅक्सोफोनवाल्याला. जुन्या हिंदी चित्रपटगीतांतून हेच वाद्य आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो, पण ते वाजवणाऱ्यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत? चार्ली हेडन या अमेरिकी बासवादकाने त्या मागच्या जागेवरून जॅझला नवी वाट करून दिली, तीही अगदी मोजक्या स्वरांत. त्याच्याहून वेगाने वाजवणारे पुष्कळ होऊन गेले. त्याच्याइतकं ऐकणारा मला दुसरा सापडलेला नाही.

त्याचा जन्म ६ ऑगस्ट १९३७चा, आयोवा राज्यातल्या शेनान्डोआ गावचा. सगळं घर गाणारं. ‘हेडन फॅमिली’ रेडिओवर लोकगीतं आणि भक्तिगीतं गायची आणि दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हापासून चार्ली त्यांत सूर मिसळत होता. पंधराव्या वर्षी त्याला पोलिओ झाला. हातपाय वाचले, पण घशाच्या आणि चेहऱ्याच्या स्नायूंवर घाला पडला. गाणं संपलं. घरात थोरल्या भावाचा बास होता, तो त्याने हाती घेतला. पुढची साठ वर्षं त्याने बासवर जे केलं, ते मला गाणंच वाटतं. लोकगीताची साधी, सरळ चाल त्याच्या बोटांतून कधी गेली नाही.

१९५७ साली तो संगीत शिकायला लॉस एंजेलिसला आला. तिथे त्याला सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन भेटला. तोवरच्या जॅझची रीत अशी, की आधी धून वाजवायची आणि मग तिच्याखालच्या स्वरसंघांची ठरलेली साखळी पुन्हा पुन्हा फिरवत तिच्यावर उपज करायची. कोलमनने ती साखळीच सोडून दिली आणि पियानोही काढून टाकला. मग बासवाल्याने धरायचं काय? हेडनने कोलमनलाच धरलं. तो जिकडे वळेल तिकडे, त्याच क्षणी, खालून नवी जमीन घालायची. भजनात वीणेकरी उभा असतो म्हणून बाकीचे निर्धास्त गातात, तसं हे होतं. फरक इतकाच की हा वीणेकरी दर क्षणाला आपला सूरही बदलत होता.

२२ मे १९५९ रोजी हॉलिवूडमध्ये मुद्रित झालेलं ‘लोनली वुमन’ ऐकावं. बिली हिगिन्सचे ड्रम्स घाईने धावतात. हेडन दोन तारा एकदम छेडत संथ, जड पावलांनी चालतो. त्यावर कोलमन आणि ट्रम्पेटवाला डॉन चेरी तिसऱ्याच लयीत, लांबट सुरांत, धून आळवतात. तीन वेगळ्या गती, आणि तरी कुठेही गोंधळ नाही, कारण मधोमध बास आहे. हेडनने तिथे जास्तीचा एक स्वर घातला असता तरी ही इमारत डळमळली असती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ही चौकडी न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबमध्ये वाजवू लागली आणि जॅझचं जग दुभंगलं. संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन भारावून गेला. कित्येक नावाजलेल्या वादकांनी नाकं मुरडली. हेडन मात्र हेरॉइनच्या विळख्यात सापडला. काही काळ संगीत सुटलं, उपचार घ्यावे लागले. तो परतला, हे आपलं नशीब.

व्हिएतनाम युद्धाच्या संतापातून १९६९ साली त्याने ‘लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा’ उभा केला. स्पेनच्या यादवी युद्धातली प्रजासत्ताकवाद्यांची गाणी, चे गेव्हारासाठी स्वतः बांधलेली रचना, आणि संगीतकार कार्ला ब्ले हिची अप्रतिम वाद्यरचना. चेवरच्या त्या रचनेपायी त्याला अटकही झाली. नोव्हेंबर १९७१मध्ये पोर्तुगालमधल्या कास्काइश महोत्सवात, कोलमनच्या गटाबरोबर वाजवताना, त्याने ती रचना, ‘साँग फॉर चे’, पोर्तुगालच्याच ताब्यातल्या अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाऊच्या मुक्तिलढ्यांना अर्पण केलं. हुकूमशाहीत राहणाऱ्या श्रोत्यांनी आरोळ्यांनी मंडप दणाणून सोडला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर गुप्त पोलिसांनी त्याला उचललं आणि त्याची कसून चौकशी केली. अमेरिकी वकिलातीने मध्ये पडून त्याला सोडवलं. ही तीच राजवट, जिच्या पोलिसांचा जाच गोवा मुक्तिसंग्रामातल्या सत्याग्रहींनी भोगला होता. गोव्यातल्या वाचकाला त्या व्यासपीठावरच्या दोन वाक्यांचं मोल वेगळं सांगायला नको. १९७४ला ती राजवट कोसळली आणि दोन वर्षांनी आलेल्या ‘क्लोजनेस’ या ध्वनिमुद्रिकेत हेडनने ‘फॉर अ फ्री पोर्तुगाल’ ही रचना घातली. ऑर्केस्ट्रा त्याने पुढेही अधूनमधून जमवला, देशाच्या धोरणाने अस्वस्थ केलं की. शेवटचा मोठा उद्गार २००५चा, इराक युद्धाच्या निषेधाचा ‘नॉट इन अवर नेम’.

बाकीची कारकीर्द एवढी पसरलेली आहे की उल्लेखच करता येतील. पियानोवादक कीथ जॅरेटची सत्तरच्या दशकातली चौकडी. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये १९८२ साली त्याने सुरू केलेला जॅझचा अभ्यासक्रम. जुन्या हॉलिवूडच्या आठवणींत रमलेला त्याचा स्वतःचा गट ‘क्वार्टेट वेस्ट’, जो मला देखणा पण जरा गुळगुळीत वाटतो. २००८च्या ‘रॅम्ब्लिंग बॉय’ या ध्वनिमुद्रिकेत मात्र तो मुलांना घेऊन बालपणीच्या लोकगीतांकडे वळला, आणि पोलिओने दुखावलेल्या त्या गळ्याने स्वतः एक गाणं गायला. अखेरच्या वर्षांत जुन्या पोलिओनेच पुन्हा डोकं वर काढलं. ११ जुलै २०१४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो गेला.

हेडन पहिल्यांदाच ऐकणार असाल तर ‘बियाँड द मिझुरी स्काय’पासून सुरुवात करा. १९९७ची ही ध्वनिमुद्रिका गिटारवादक पॅट मेथनीबरोबरची आहे, ग्रॅमीविजेती आहे आणि मनाला लगेच भिडते. मग ‘लोनली वुमन’कडे या. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, त्यावर बास जवळजवळ ऐकूच येत नाही; चांगले हेडफोन लावा.