प्राथमिक व राखीव डेटाबेस : दोन वेगळ्या क्लाऊड-सेवादारांकडे का आणि कसा?

मे २०२४ च्या आरंभी ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीच्या सहा लाखांहून अधिक सभासदांना सुमारे आठवडाभर आपली खाती पाहता येईनाशी झाली. निधीने आपली यंत्रणा गुगल क्लाऊडवर दोन भौगोलिक ठिकाणी ठेवली होती, म्हणजे खबरदारी घेतलेली होती. तथापि खासगी क्लाऊडची वर्गणीच चुकून रद्द झाली आणि दोन्ही ठिकाणची यंत्रणा एकदम पुसली गेली, असे उभय संस्थांच्या संयुक्त निवेदनात नमूद आहे. सर्व काही पुन्हा उभारताना दुसऱ्या एका सेवादाराकडे ठेवलेला बॅकअप उपयोगी पडला.

आग, पूर किंवा वीज जाणे यांपासून दोन शहरे रक्षण करतात. खाते बंद होणे, बिल थकणे, सेवादाराच्या हातून चूक होणे यांपासून नाही. प्रवेश, शुल्क आणि परीक्षा यांच्या नोंदी क्लाऊडवर ठेवणाऱ्या महाविद्यालयाला हा फरक लक्षात घ्यावाच लागतो, कारण निकालाच्या आठवड्यात नोंदी गेल्या तर त्याची झळ विद्यार्थ्याच्या पुढील प्रवेशाला लागते. येथे ‘पोस्टग्रेस’ या मुक्त डेटाबेसच्या आधारे हा विषय मांडला आहे.

ज्या डेटाबेसमध्ये नोंदी लिहिल्या जातात तो प्राथमिक, आणि त्याच्या मागोमाग तीच नक्कल करत राहणारा तो राखीव होय. नक्कल कशी होते हे जमाखर्चाच्या परिभाषेत सहज कळते. मुनीम व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो, मग खतावणीत मांडतो. पोस्टग्रेसही प्रत्येक बदल आधी ‘डब्ल्यूएएल’ नावाच्या नोंदवहीत लिहितो आणि मगच मूळ तक्त्यांच्या फाइलींत उतरवतो. राखीव यंत्राला ही रोजकीर्द अखंड पाठवत राहिले की त्याची खतावणी आपोआप तयार होते. ही सोय २०१० च्या ९.० आवृत्तीपासून आहे.

रोजकीर्द राखीवाकडे पोहोचल्याची पावती येईपर्यंत प्राथमिकाने थांबावे की नाही, हा पहिला निर्णय. थांबल्यास पक्की झालेली एकही नोंद हरवत नाही. परंतु समजा, प्राथमिक यंत्र गुगलच्या मुंबई केंद्रात आणि राखीव ॲमेझॉनच्या हैदराबाद केंद्रात आहे. हवाई अंतर सुमारे ६२० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन सहा मिलिसेकंद कमीत कमी, प्रत्यक्षात अधिकच. हा विलंब एक वेळ सोसेल; पण दोन कंपन्यांमधील दुवा तुटला की प्राथमिकावरील लेखनही अडून बसेल. राखीव यंत्र एकच असेल तर न थांबण्याची पद्धत पत्करावी, शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी जाऊ शकतात हे लेखी मान्य करावे आणि शुल्काच्या पावत्यांशी ताळा घेण्याची रीत आधीच ठरवून ठेवावी.

दुसरा निर्णय सेवेच्या प्रकाराचा. सेवादाराने स्वतः चालवलेला तयार डेटाबेस सोपा खरा. पण ॲमेझॉनची ‘आरडीएस’ ही अशी सेवा आपली रोजकीर्द जशीच्या तशी बाहेर पाठवू देत नाही. तेथे फक्त नोंदीनिहाय नक्कल करता येते, आणि तिच्यात तक्त्यांच्या रचनेतील बदल जात नाहीत. पोस्टग्रेसच्या १८ व्या आवृत्तीपर्यंत तीत अनुक्रमांकांची मोजणीही जात नाही. परिणामी राखीव यंत्र पुढे आल्यावर नव्या विद्यार्थ्यासाठी जुन्याच कोणाचा क्रमांक काढला जातो. म्हणून साधी आभासी यंत्रे भाड्याने घेऊन त्यांवर पोस्टग्रेस स्वतः चालवणे, हे काम थोडे जास्त असले तरी, अधिक खात्रीचे ठरते.

मांडणी अशी. दोन्ही यंत्रांवर पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती एकच असावी. दोन जाळ्यांमध्ये कूटबद्ध व्हीपीएन बांधावा; दोन्हीकडील अंतर्गत पत्त्यांच्या मालिका एकमेकींत मिसळणार नाहीत हे आधी पाहावे, नंतर बदलणे फार जिकिरीचे होते. प्राथमिकावर केवळ नकलेपुरता अधिकार असलेला वापरकर्ता आणि एक ‘स्लॉट’ तयार करावा. स्लॉट म्हणजे राखीवाने कोठपर्यंत वाचले याची खूण. तिच्यापुढचा मजकूर प्राथमिक यंत्र टाकून देत नाही. येथे एक खोच आहे. राखीव यंत्र चार दिवस बंद राहिले तर रोजकीर्द साचून प्राथमिकाचीच डिस्क भरते. तिला मर्यादा घालण्याची सोय २०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून आहे, ती अवश्य वापरावी. त्यानंतर ‘पीजी बेसबॅकअप’ने पहिली संपूर्ण प्रत राखीवावर घ्यावी. बाहेर जाणाऱ्या माहितीवर सेवादार आकार लावतात. महाविद्यालयाच्या रोजच्या व्यवहारात तो फारसा नसतो, या पहिल्या प्रतीला मात्र जाणवतो.

मराठी आणि उर्दू या दोन्ही लिप्यांत नावे ठेवणाऱ्या संस्थेने पुढील मुद्द्यापाशी जरा थांबावे. डेटाबेसची सूची अकारविल्हे लावलेली असते आणि राखीवावर ती अक्षरशः उतरते. पण कोणते अक्षर आधी, हे पोस्टग्रेस बहुधा यंत्राच्या कार्यप्रणालीतील ‘जीलिबसी’ला विचारतो. २०१८ साली तिच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. एका सेवादाराकडे जुनी कार्यप्रणाली आणि दुसऱ्याकडे नवी असेल, तर सूची एका क्रमाने लावलेली आणि शोध दुसऱ्या क्रमाने, असा प्रकार होतो. नोंद समोर असूनही सापडत नाही. एकमेव असावयाचे नाव दोनदा शिरते. एरवी सारे सुरळीत दिसत असल्यामुळे हा दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. ‘क्ष’ला ‘क’च्या पोटात घ्यावे की वर्णमालेच्या शेवटी, उर्दूतील ‘भे’ला स्वतंत्र हरफ मानावे की नाही, यावर भाषेच्या माणसांनी खुशाल वाद घालावा, यंत्रांनी कोणतीही बाजू घेतली तरी दोघांनी एकच घ्यावी, एवढीच अट. यास्तव कार्यप्रणालीची आवृत्ती दोन्हीकडे सारखी ठेवावी, किंवा सूचीसाठी भाषानिरपेक्ष ‘सी’ क्रम घेऊन छापील याद्यांचा क्रम वेगळा लावावा.

राखीव डेटाबेस म्हणजे बॅकअप नव्हे. लिपिकाने चुकून एक अख्खा वर्ग पुसला तर तो काही क्षणांत राखीवावरूनही पुसला जातो. कालच्या तारखेकडे परत नेणारा बॅकअप स्वतंत्र हवाच.

आता सर्वांत कठीण प्रश्न : राखीवाला प्राथमिक कोणी आणि केव्हा करायचे? २१ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘गिटहब’च्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जाळ्यातील दुवा दुरुस्तीच्या कामात केवळ ४३ सेकंद तुटला. स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरील डेटाबेसला प्राथमिक केले. पूर्वेकडे मात्र तिकडे न पोहोचलेल्या काही नोंदी झालेल्या होत्या. दोन खतावण्यांचा मेळ घालण्यात सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. मोठ्या संस्थेची ही गत, तर एकाच संगणक-प्रमुखावर चालणाऱ्या महाविद्यालयाने हा निर्णय यंत्रावर सोपवूच नये. दोन नावे ठरवावीत. त्यांनी आधी जुने प्राथमिक यंत्र खरोखर बंद आहे किंवा अर्जापासून तोडले आहे याची खात्री करावी, आणि मगच ‘पीजी प्रमोट’ ही आज्ञा द्यावी. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी या दोन्ही सेवादारांच्या बाहेर असावी, म्हणजे पत्ता वळवता येतो. दोन खात्यांचे ईमेल आणि देयकाची कार्डेही भिन्न असावीत. नाहीतर एकाच कार्डाची मुदत संपली की दोन्ही खाती एकदम अडचणीत येतात.

जुने यंत्र परत सुरू झाले की त्याला थेट कामावर घेता येत नाही, कारण त्याच्या रोजकीर्दीत शेवटी काही वेगळेच लिहिलेले असू शकते. त्या नोंदी आधी उतरवून घ्याव्यात, मग ‘पीजी रिवाइंड’ने ते मागे न्यावे किंवा नव्याने प्रत घ्यावी आणि नव्या प्राथमिकाचे राखीव म्हणून जोडावे. ही संपूर्ण अदलाबदल दिवाळीच्या सुटीत एकदा करून पाहावी, आणि किती मिनिटे लागली ते प्रवेश विभागाच्या वहीत लिहून ठेवावे.